माणसाची कुठली, घोड्याची लस!

घोडा! सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या अंगात तयार होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं. लातुरात आयुष्यभर बँकेत नोकरी केली. दर पावसाळ्यात पेपरात ‘सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू’ अशी चौकट वाचायची, ‘लस नव्हती म्हणे’ असं म्हणून हळहळायचं आणि पान उलटायचं. ही लस मुळात येते कुठून, हा प्रश्न डोक्यात कधी आलाच नाही. तो आला मुखेड तालुक्यात, मामाच्या गोठ्यात. तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटलेय. मुलगा म्हणतो, आई, निदान जेवताना तरी साप नको!

झालं ते असं. आषाढ सरत आला होता आणि मामाच्या हरण्याला पान लागलं. हरण्या लाल कंधारी, गडद तांबडा, रुंद कपाळाचा बैल. कडब्याच्या गंजीला तोंड लावायला गेला आणि गंजीखालच्या घोणशीनं नाकपुडीच्या वर दंश केला. गुरांना साप चावतो तो बहुतेक वेळा असाच, तोंडावर नाहीतर पायावर. मी पोचले तेव्हा त्याचं तोंड सुजून ओळखू येईना. नाकातून रक्ताचा बारीक ओघळ. शेजारच्या काकू म्हणत होत्या, लिंबाचा पाला चारा, कडू लागला तर इख नाही. आता बैलाला कडू लागलं की नाही, हे कळणार कसं!

तेवढ्यात पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. तरुण पोरगा, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला. त्यानं हरण्याच्या मानेच्या शिरेतून थोडं रक्त घेतलं, काचेच्या एका कोरड्या नळीत सोडलं, नळी धान्याच्या पोत्याला टेकवून उभी केली आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला. ‘हात लावायचा नाही, हलवायची नाही,’ एवढंच म्हणाला. सगळा गोठा त्या नळीकडं बघत बसला. गजर झाल्यावर त्यानं ती हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहत तोंडापर्यंत आलं. गुठळीच नाही!

एवढीशी नळी आणि निदान झालं! घोणशीच्या विषात रक्त गोठवणाऱ्या घटकांना डिवचणारी द्रव्यं असतात. ते घटक अंगभर नुसतेच चेतवले जातात, खर्च होऊन संपतात, आणि खरी गरज पडते तेव्हा गोठायला काही उरत नाही. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानंच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची चालत नाही. साबणानं धुतलेलीही चालत नाही, कारण साबणाचा अंश राहिला तर धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा गोठायला मागत नाही. जिथं प्रयोगशाळा नाही, वीज नाही, अशा आरोग्य केंद्रातही ही चाचणी होते. माणसांच्या सर्पदंशाच्या उपचारांत तिला पहिल्या फळीतला मान आहे.

मग त्यानं चिठ्ठी लिहिली आणि मामेभाऊ मुखेडला मेडिकलवर पळाला. मामा कानाशी येऊन म्हणाले, ‘साहेब, माणसाची लस बैलाला चालती का हो?’

‘माणसाची कुठली मामा, घोड्याची हाय ती.’

इथं माझे कान टवकारले.

कुपी आली. तळाशी पांढऱ्या भुकटीची वडी, सोबत पाण्याची छोटी बाटली. डॉक्टरनं पाणी आत सोडलं आणि कुपी दोन्ही तळव्यांत धरून सावकाश गोल फिरवत राहिला. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. घाई सगळ्यांना होती, पण त्या वडीला नव्हती. ती आपल्या गतीनं विरघळत होती. मी लेबल वाचलं. चार सापांची नावं, नाग, मण्यार, घोणस, फुरसे. पुढं हिशेब: एक मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, घोणशीचं तेवढंच, मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५. बँकेतल्या माणसाला असे आकडे दिसले की राहवत नाही. मी विचारलं, बैल एवढा अवजड, मग कुप्याही माणसाच्या पाच-सहा पट लागत असतील? तो हसला. ‘ताई, औषध बैलाशी भांडत नाही, विषाशी भांडतं. सापानं जेवढं विष सोडलं तेवढंच संपवायचं. म्हणून तर लेकराला आणि मोठ्या माणसाला डोस सारखाच देतात.’ केवढी साधी गोष्ट! वजनावर औषध, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की ही उलटी बाजू ऐकून मी गोठ्यातच टाळी वाजवली. मामी माझ्याकडं बघतच राहिली. माणसाची सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी करतात. गुरांच्या वाट्याला मात्र तेवढ्या येत नाहीत. माणसाला सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते, बैलाची खिशातून घ्यावी लागते. त्यामुळं परवडतील तेवढ्या कुप्या आणि बाकी सलाईन, एवढ्यावर भागवावं लागतं.

संध्याकाळी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी नळी पार उलटी केली तरी रक्त जागचं हललं नाही. तळाशी काळपट लाल गोळा. नाकपुडीवरची कातडी पुढं गळून पडली, पण पोळ्याला हरण्याची शिंगं रंगवली.

मी लातूरला परतले ती घोडा डोक्यात घेऊनच. रात्र-रात्र वाचत बसले. आणि काय सांगू!

सापाचं विष अगदी थोडं, सौम्य करून घोड्याला टोचतात. काही आठवड्यांनी जरा जास्त, मग आणखी जास्त. घोड्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती पुरेशी झाली की मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त काढतात, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. पुढची गंमत तर ऐका. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा. वरचे दोन हात विषाला धरतात, खालच्या देठाचं इथं काही काम नाही, उलट माणसाला तो बाधू शकतो. म्हणून देठ कापून टाकतात. कशानं? पेप्सिननं, म्हणजे जठरातल्या पाचक एंझाइमानं, आणि ते मिळवतात डुकराच्या जठरातून! म्हणजे साप, घोडा, डुक्कर, एवढ्यांच्या हातून ती कुपी मामाच्या गोठ्यात आली होती. परकं प्रथिन ते परकंच, म्हणून काहींना तिची जोरदार ॲलर्जी येते आणि डॉक्टर शेजारी ॲड्रेनलिन भरून ठेवतात.

हे तंत्र सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात आणि घटसर्पावर रक्तद्रवाचा उपाय दाखवला. १९०१ साली वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंगना मिळालं ते त्यासाठीच. सापाच्या विषासाठी हीच वाट आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरनं १८९०च्या दशकात धरली. आपल्याकडं मुंबईत परळला १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा उभी राहिली, तीच पुढं हाफकिन झाली, आणि हाफकिनचं सर्पविषावरचं औषध महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला गेले. लोहा तालुक्यातली खंडोबाची ही यात्रा जनावरांच्या बाजारासाठी साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध. लहानपणी रेवड्या आणि पाळण्यांसाठी जायचे. या वेळी सरळ घोडेबाजारात शिरले. एका अबलख घोडीसमोर उभी राहून मी तिची मान न्याहाळत होते. जबड्यापासून छातीकडं उतरणारी एक पन्हळ असते, त्यात ती मोठी शीर. व्यापाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. ‘मान काय बघालाव बाई, दात बघा की!’ त्याला मी सर्पदंशाच्या लशीची अख्खी कहाणी ऐकवली. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘मग भाव वाढवून सांगाव का?’

पण ज्या गोष्टीनं मला खरंच जागेवर खिळवलं ती मुखेडचीच निघाली. लहानपणापासून ज्या मुखेडच्या स्टँडवर मी उतरत आले, तिथं डॉ. दिलीप पुंडे सर्पदंशाचे रुग्ण तपासत होते आणि नुसते तपासत नव्हते तर एकेकाची नोंद ठेवत होते. २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त त्यांचा दहा वर्षांच्या अनुभवावरचा शोधनिबंध छापून आला: ग्रामीण महाराष्ट्रातल्या सर्पदंशाचे उपचार. त्यातल्या रुग्णांत निम्म्याहून जास्त दंश बिनविषारी सापांचे होते. थांबून विचार करा. साप चावलेल्या बऱ्याच माणसांना विषबाधाच नसेल, तर मांत्रिकाकडं नेलेले कितीतरी जण ‘बरे’ होणारच की! मांत्रिकाच्या यशाचं गुपित बिनविषारी सापांत आहे आणि ते उघडं पडतं नोंदवहीत. शंभर भाषणांनी जे होत नाही ते एका तक्त्यानं होतं, असं मला तरी वाटतं. माझी सगळी हयात तक्त्यांत गेली म्हणूनही असेल.

त्यांच्या नावाचा माग काढत गेले तर २००८ चा आणखी एक निबंध सापडला. त्यात पुंडे यांच्यासोबत डॉ. हिंमतराव बावस्कर. बावस्करही मूळचे मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरताना पाहिली, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी तिथं जीव वाचवते हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या संशोधनाची जग दखल घेतं ते काचेच्या उंच इमारतींतच होतं, अशी माझी समजूत पार धुऊन निघाली.

आकडेही सांगते, कारण ते ऐकून झोप उडाली पाहिजे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-खुरपणीच्या महिन्यांत. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत मानाचं स्थान दिलं ते थेट २०१७ साली. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरवलं, आणि त्यात माणूस, जनावरं आणि परिसर यांचा एकत्र विचार करायचं म्हटलं. हरण्याला हे सांगायला हवं!

आता अडचण काय? औषध आहे, मग ते कमी का पडतं? घोड्याला टोचायचं विष प्रामुख्यानं तमिळनाडूतून येतं. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची सापपकड्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ सालची. साप पकडायचा, विष काढायचं, पुन्हा रानात सोडायचा. कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिथल्या घोणशीचं विष आणि दुसऱ्या मुलखातल्या घोणशीचं विष एकसारखं नसतं! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा हाच माग काढतेय. काही भागांतल्या सापांपुढं बाजारातली औषधं फिकी पडतात, हे त्यांनी दाखवलं. २०२५ मध्ये त्यांच्या गटानं देशभरातल्या शंभराहून अधिक घोणशींचं विष तपासलं आणि पाऊस-तापमानाशी त्याचा संबंध लावला: कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं तोडणारी द्रव्यं जास्त. कोरडा भाग म्हटलं की लातूरकराला वेगळं काय सांगायचं? आम्ही दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं!

आणि याच विषांनी माणसाचे प्राण वाचवलेत, ही तर निराळीच मौज. १९३४ साली इंग्लंडात मॅकफार्लेन या डॉक्टरनं हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्त थांबवायला घोणशीचं पातळ केलेलं विष वापरलं. आजही रक्त गोठण्याच्या एका तपासणीत ते लागतं. फुरशाच्या विषातल्या एका द्रव्याचा नमुना समोर ठेवून टायरोफिबान हे औषध घडवलं गेलं, हृदयाच्या झटक्यात गुठळी वाढू नये म्हणून देतात ते. फुरसं बिचारं दगडाखाली बसलेलं, त्याला यातलं काय माहीत!

अलीकडच्या दोन वर्षांतल्या संशोधनाचा तर नुसता पूर आलाय. पशुवैद्य डॉक्टर व्हॉट्सॲपवर एकेक निबंध धाडतो आणि मी शब्दकोश घेऊन बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळुरूच्या त्याच संस्थेनं आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेनं मिळून प्रयोगशाळेत घडवलेलं मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. घोडा नाही, डुक्कर नाही. नाग आणि मण्यार यांच्या कुळातल्या विषातला एक मुख्य घातक गट त्यानं अडवला आणि उंदीर वाचवले. जानेवारी २०२५ मध्ये डेव्हिड बेकर या शास्त्रज्ञाच्या गटानं संगणकावर आखून नवीच प्रथिनं बनवली, ज्यांचा निसर्गात मागमूस नव्हता. तीही या विषांना धरतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी एक अल्पाका आणि एक लामा यांना अठरा आफ्रिकी सापांची विषं टोचून त्यांच्यापासून आठ चिमुकल्या प्रतिपिंडांचं मिश्रण केलं, आणि अठरापैकी सतरा सापांच्या विषापासून उंदरांना त्याचं संरक्षण मिळालं. उंटाच्या जातकुळीतल्या प्राण्यांची काही प्रतिपिंडं निम्म्या बांध्याची असतात, १९९३ साली ब्रसेल्समध्ये त्यांचा शोध लागला. लहान असल्यानं ती अंगात झपाट्यानं पसरतात आणि उष्णतेलाही दाद देत नाहीत. फ्रीज आणि वीज या दोन्हींचा भरवसा नसलेल्या आरोग्य केंद्रासाठी याहून चांगलं काय! आपल्याकडं बिकानेरच्या उंट संशोधन केंद्रानंही उंटाच्या रक्तातून फुरशावरचं प्रतिविष करून पाहिलंय.

थोडं पाणीही टाकते या उत्साहावर. यातलं बहुतेक काम नाग-मण्यारीच्या कुळाचं आहे. घोणस आणि फुरसे हे दुसऱ्या कुळातले, त्यांचं विष म्हणजे नाना एंझाइमांचा काला, तो एका प्रतिपिंडाला आवरत नाही. आणि उंदीर वाचला म्हणजे माणूस वाचलाच असंही नाही. व्हारेस्प्लॅडिब नावाचं औषध बघा. हृदयविकारासाठी केलं, तिथं आपटलं. मग लक्षात आलं की सापाच्या विषातल्या एका मोठ्या एंझाइमगटाला ते रोखतं. तोंडावाटे घ्यायचं, म्हणजे शेतातच देता येईल! भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला. एकूण रुग्णांत ठळक फरक दिसला नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत ज्यांना दिलं त्यांच्यात मात्र फायद्याची चिन्हं दिसली. घोडा अजून निवृत्त होत नाही.

सगळ्यात कमाल बातमी शेवटी सांगते. टिम फ्रीड नावाच्या एका अमेरिकन माणसानं जवळपास अठरा वर्षं स्वतःला सापांची विषं टोचून घेतली, शेकडो वेळा. म्हणजे घोड्याचं काम माणसानंच केलं! कुणी तसलं काही करू नये. पण त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं आणि वर सांगितलेलं व्हारेस्प्लॅडिब, असं मिश्रण मे २०२५ मध्ये जाहीर झालं. नाग-मण्यारीच्या कुळातल्या १९ सापांपैकी १३ सापांच्या विषापासून उंदीर पूर्ण बचावले, उरलेल्यांत थोडं संरक्षण मिळालं. आता पुढची पायरी? संशोधक म्हणतात, ऑस्ट्रेलियात पशुवैद्यांकडं साप चावलेली कुत्री येतात, त्यांच्यावर आधी वापरून बघू. माणसाच्या रक्तातलं औषध आधी कुत्र्याला, मग माणसाला!

हे वाचून डॉक्टरचा फोन आला तो ओरडतच. ‘ताई, आधी आमच्याच खात्याकडं यावं लागणार बघा!’ मग जरा शांत होऊन म्हणाला, आपल्याकडं बैल, शेळ्या, म्हशी साप चावून किती दगावतात, हे कुणी मोजलंय का? जिनिव्हाच्या संशोधकांनी नेपाळ आणि कॅमेरूनमध्ये घरोघर जाऊन माणसांबरोबर जनावरांनाही साप किती चावतात ते विचारलं. आपण निदान एका तालुक्यापुरतं तरी मांडू.

त्यानं दवाखान्यात वही घातलीय. रकाने मी आखून दिले: तारीख, जनावर, दंश कुठं, किती तासांनी आणलं, नळीत रक्त गोठलं की नाही, कुप्या किती, पुढं काय झालं. ‘साप कोणता’ या रकान्यावरून आमचं वाजलं. त्याला तो हवाच होता. मी म्हटलं, अंधारात गंजीखाली काय होतं ते शेतकऱ्यानं बघितलेलंच नसतं, तुम्ही विचारलंत की तो तुमचं मन राखायला ‘नाग’ म्हणून मोकळा होणार. आता तिथं दोन रकाने आहेत, ‘साप पाहिला का’ आणि ‘पाहिला असल्यास फोटो’. पहिली नोंद एका शेळीची झालीय, दुसरा रकाना रिकामा.